आवरलेले डॉक्स पुन्हा का विस्कटतात, आणि आधी काय तपासायचं

'डॉक्स जरा आवरायचे आहेत' असा इश्यू (कामाची उघडी नोंद) जवळपास प्रत्येक ओपन सोर्स लायब्ररीत सापडतो. डॉक्स म्हणजे ती लायब्ररी कशी वापरायची ते सांगणारी पानं. कुणीतरी दोन-तीन रविवार घालवून तो बंद करतं आणि वर्षभरात तोच इश्यू नवा नंबर घेऊन परत हजर होतो. हे काम मी वेगवेगळ्या लायब्रऱ्यांत इतक्यांदा केलंय की आता लक्षण ऐकलं तरी बिघाड कुठे असेल याचा अंदाज येतो. सुरुवातीला वाटायचं, लोक निष्काळजीपणे लिहितात. तसं फारसं नसतं. बहुतेक वेळा मजकूर ठीकच असतो, पण तो चार ठिकाणी असतो, आणि आपण त्यातली चुकीची प्रत सुधारत बसतो.

माझा वावर जास्त पायथनच्या लायब्रऱ्यांत, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. तपासण्यांचा क्रम मात्र कुठल्याही भाषेतल्या लायब्ररीला चालेल.

लक्षणं

- फाइल सुधारली, पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) मर्ज झाली म्हणजे स्वीकारून मिसळली गेली, पानावर मात्र जुनाच मजकूर.
- लिंक आपल्या मशीनवर चालते, साइटवर ४०४ येतो.
- बदलला एक शब्द, पण डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक दाखवणाऱ्या पानावर) अख्खी फाइल लाल-हिरवी.
- गिटहबवर (जिथे कोड ठेवलेला असतो) यादी व्यवस्थित, डॉक्सच्या साइटवर तीच यादी सपाट किंवा सगळे मुद्दे एकाच परिच्छेदात कोंबलेले.
- डॉक्समधली कमांड कॉपी करून चिकटवली की एरर, हाताने टाइप केली की चालते.
- साइटची सगळी सजावट गायब, नुसता मजकूर उरलेला.
- एपीआयचं (लायब्ररीतल्या फंक्शनांची माहिती देणारं) पान उघडतं, पण आत काहीच नाही.
- डॉक्सला महिनाभर कुणी हात लावला नाही, तरी बिल्ड (फाइल्सपासून साइट तयार करणं) पडला.
- सुधारलेली चूक काही महिन्यांनी जशीच्या तशी परत.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीच्यांपैकी दोन-तीन तरी सोबत असतातच.

खालचा क्रम शक्यतो मोडू नका. पहिल्या तपासण्यांना काही मिनिटं लागतात आणि त्यात कुठलीच फाइल बदलत नाही. शेवटच्या तपासण्या दुसऱ्यांनी केलेल्या कामाला हात घालतात, तिथे चुकलं तर निस्तरायला मेंटेनर (लायब्ररी सांभाळणारा माणूस) बसतो.

१. आपण बघतोय ती प्रत कुठली?

रेपोत, म्हणजे गिट (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) सांभाळतं त्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये, रीडमी (प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल) नावाच्या एकाहून जास्त फाइल्स असतील तर पहिल्या पानावर कुठली दाखवायची याचा गिटहबचा क्रम ठरलेला आहे. आधी डॉट-गिटहब फोल्डरमधली, ती नसेल तर रेपोच्या मुळाशी असलेली, तीही नसेल तर डॉक्स फोल्डरमधली. एकदा मी मुळाशी असलेली रीडमी संध्याकाळभर बसून चकाचक केली. मर्ज झाली, आणि पान ढिम्म हललं नाही. कधीकाळी कुणीतरी डॉट-गिटहब फोल्डरमध्ये एक रीडमी टाकून ठेवली होती. नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे माझ्या फाइल मॅनेजरमध्ये ते फोल्डर दिसतच नव्हतं.

पायपीआयवरच्या (पायथनची पॅकेजेस जिथून मिळतात ती साइट) पानाची गोष्ट वेगळी. तिथलं वर्णन रिलीझबरोबर वर जातं आणि तिथेच गोठतं. रेपोत रीडमी कितीही सुधारा, निघून गेलेल्या रिलीझचं वर्णन मागाहून बदलता येत नाही, पुढची रिलीझ निघेपर्यंत थांबावं लागतं. शिवाय रीडमीतल्या सापेक्ष लिंका आणि चित्रं तिथे तुटतात, कारण त्या पानाला तुमच्या फोल्डरांची रचना माहीत नसते. पायपीआयवर जाणाऱ्या रीडमीत पूर्ण पत्तेच द्या. पॅकेज वर चढवण्याआधी 'ट्वाइन चेक' चालवलं तर निदान वर्णनाचं मार्कअप तिथे उमटेल की नाही ते कळतं.

रीड द डॉक्सवर (डॉक्सच्या साइट बिल्ड करून दाखवणारी सेवा) साइट असेल तर ब्राउझरच्या पत्त्यात 'लेटेस्ट' आहे की 'स्टेबल' ते वाचा. लेटेस्ट म्हणजे मुख्य ब्रँचवरचं ताजं, स्टेबल म्हणजे शेवटच्या टॅग केलेल्या रिलीझचं. 'डॉक्समध्ये लिहिलेलं फंक्शन माझ्याकडे नाहीच' ही तक्रार आली की मी आधी पत्ता विचारते. वाचणारा लेटेस्टवर असतो आणि त्याच्याकडे बसवलेली असते मागची रिलीझ. उलटही होतं. सर्च इंजिन लोकांना पाच वर्षं जुन्या आवृत्तीच्या पानावर नेऊन सोडतं आणि शिव्या आजच्या मेंटेनरला बसतात.

आता या तपासणीतला खरा भाग. पानावरचं एखादं वेगळं उठून दिसणारं वाक्य निवडा आणि 'गिट ग्रेप' करून ते अख्ख्या रेपोत शोधा. 'इन्स्टॉल कसं करायचं' हा परिच्छेद मला एका लायब्ररीत रीडमी, डॉक्सचं पहिलं पान, इन्स्टॉलचं स्वतंत्र पान, पॅकेजची डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेलं वर्णन) आणि योगदानाच्या फाइलमध्ये असा पाच ठिकाणी सापडला. पाचांत पायथनची किमान आवृत्ती तीन वेगवेगळी. जिथे सापडेल ती प्रत्येक जागा एका कागदावर लिहून ठेवा. शेवटच्या तपासणीत ही यादी लागणार आहे, आणि आवरलेलं पुन्हा का विस्कटतं याचं उत्तर बहुतेक वेळा याच कागदावर असतं.

२. फाइल गिटमध्ये खरंच आहे का?

रेपो एका नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये पुन्हा क्लोन करा, म्हणजे त्याची ताजी प्रत उतरवा, आणि डॉक्स तिथून बिल्ड करा. आपल्या नेहमीच्या फोल्डरमध्ये कमिट न केलेल्या (गिटमध्ये न नोंदवलेल्या), जुन्या, उरल्यासुरल्या फाइल्स पडलेल्या असतात. त्यांच्या जोरावर बिल्ड चालतो आणि आपल्याला वाटतं सगळं आलबेल आहे.

एखादं पान नव्या क्लोनमध्ये नसेलच, तर 'गिट चेक-इग्नोर' ला डॅश व्ही लावून त्या फाइलचा पत्ता द्या. कुठल्या फाइलमधल्या कितव्या ओळीमुळे ती वगळली जातेय ते गिट सरळ सांगतं. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे डॉट-गिटइग्नोरमधली 'बिल्ड' ही ओळ. ती लिहिलेली असते पॅकेजच्या बिल्ड फोल्डरसाठी, पण आधी तिरकी रेघ नसल्यामुळे कुठल्याही पातळीवरचं त्या नावाचं फोल्डर गिळते. 'लायब्ररी स्वतः कशी बिल्ड करावी' ही पानं कुणी डॉक्सच्या आत त्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली की ती कधीच कमिट होत नाहीत, आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

३. नावातली मोठी-लहान अक्षरं

विंडोज आणि मॅकवरची फाइल सिस्टिम सहसा मोठ्या-लहान अक्षरांत फरक करत नाही. लिनक्स करते, आणि साइट बिल्ड होते ती बहुधा लिनक्सवर. म्हणून मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या फाइलला लहान अक्षराने दिलेली लिंक तुमच्याकडे चालते आणि सर्व्हरवर मरते.

दुरुस्ती करताना फाइल मॅनेजरमधून नाव बदलू नका. अशा मशीनवर गिटला तो बदल कळतच नाही. 'गिट एमव्ही' वापरा, आणि तेही अडलं तर आधी भलतंच तात्पुरतं नाव देऊन मग हवं ते द्या. पुढे हा घोळ नको असेल तर सगळी नावं लहान अक्षरांत ठेवायची असं एकदाच ठरवून टाका. रीडमी, लायसन्स, चेंजलॉग अशी रूढ मोठ्या अक्षरांतली नावं तेवढी अपवाद.

४. न दिसणारी अक्षरं

एका शब्दासाठी अख्खी फाइल बदललेली दिसली की ते ओळींच्या शेवटांचं प्रकरण समजा. विंडोजवरचे काही एडिटर ओळीच्या शेवटी दोन चिन्हं घालतात, लिनक्स आणि मॅकवर एकच असतं. डोळ्याला काहीच दिसत नाही, गिटला मात्र प्रत्येक ओळ बदललेली वाटते. 'गिट डिफ' ला डॅश डब्ल्यू लावा. पसारा एकदम नाहीसा होऊन तो एक शब्द उरला तर निदान पक्कं.

यावरचा उपाय प्रत्येकाला 'एडिटर नीट लावा' असं सांगणं हा नाही. पुढच्या महिन्यात नवा माणूस येतो. रेपोच्या मुळाशी डॉट-गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल ठेवा, त्यात मजकुराच्या फाइल्ससाठी नियम लिहा आणि मग 'गिट अ‍ॅड' ला रीनॉर्मलाइझ हा पर्याय देऊन एकदाच सगळं सरळ करा. हा बदल स्वतंत्र कमिटमध्येच हवा, मजकुराचा एक शब्दही त्यात मिसळायचा नाही.

ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा सरसकट छाटायचा मोह होतो. थांबा. मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी सांगायची पद्धत) ओळीअखेरच्या दोन स्पेसचा अर्थ 'इथे ओळ तोडा' असा होतो. मी एकदा 'स्वच्छता' म्हणून एका फटक्यात सगळ्या छाटल्या आणि योगदान देणाऱ्यांची चाळीस नावं एका लांबलचक वाक्यात जुळली. मर्ज झाल्यावर दुसऱ्याने दाखवून दिलं. आता अशा जागी मी ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ घालते. कॉमनमार्क (मार्कडाउनचा नेमका नियमसंच) ती समजतं आणि ती डोळ्यांना दिसतेही. तुमचं साधन ती समजत नसेल तर डॉट-एडिटरकॉन्फिगमध्ये मार्कडाउन फाइल्सपुरती ही छाटणी बंद ठेवा.

याच जातीचा आणखी एक प्रकार म्हणजे सिमलिंक. काही रेपोंत डॉक्समधली रीडमी ही खरी फाइल नसून मुळाशी असलेल्या रीडमीकडे बोट दाखवणारा सिमलिंक असतो. विंडोजवर सिमलिंकची सोय चालू नसेल तर त्या जागी एक ओळीची साधी फाइल उतरते आणि आत फक्त पत्ता. कुणीतरी भाबडेपणाने 'ही फाइल बिघडलेली दिसते' म्हणून त्यात अख्खी रीडमी पेस्ट करतं, आणि झाली आणखी एक प्रत तयार.

५. मार्कडाउनच्या बोली

मार्कडाउन २००४ साली जॉन ग्रुबर यांनी आणलं तेव्हा त्याची काटेकोर व्याख्या नव्हती, म्हणून प्रत्येक साधनाने आपापल्या परीने अर्थ लावला. कॉमनमार्क हा नेमका नियमसंच पुढे २०१४ मध्ये आला. गिटहबचं मार्कडाउन त्यावर बेतलेलं आहे. डॉक्सची साइट बनवणारं एमकेडॉक्स हे साधन मात्र पायथन-मार्कडाउन वापरतं आणि ते जुन्या वळणाचं.

फरक कुठे बोचतो ते सांगते. यादीच्या आतली यादी गिटहबवर दोन स्पेस आत सरकवली तरी बनते. पायथन-मार्कडाउनला चार लागतात. परिच्छेदाखाली लगेच यादी सुरू केली तर गिटहब ती यादी मानतं, पायथन-मार्कडाउनला मध्ये रिकामी ओळ हवी असते, नाहीतर सगळे मुद्दे त्या परिच्छेदातच विरघळतात. म्हणून पुल रिक्वेस्टमध्ये गिटहबचं प्रिव्ह्यू बघून 'छान दिसतंय' म्हणू नका, साइट बिल्ड करून बघा. चार स्पेस आणि यादीआधी रिकामी ओळ हे दोन्हीकडे चालतं, म्हणून मी सगळीकडे तेच ठेवते.

स्फिंक्सवाल्या (हेही डॉक्सची साइट बनवणारं साधन) रेपोंत रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही मांडणीची दुसरी पद्धत असते, आणि मार्कडाउनची सवय लागलेली बोटं तिथे एकच बॅकटिक टाइप करतात. एका बॅकटिकने कोड बनत नाही, तिरका मजकूर बनतो. कोडसाठी दोन-दोन लागतात. एरर येत नाही, इशारा येत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं नांदते.

६. अवतरणचिन्हं आणि रेघा

कॉपी केलेली कमांड चालत नाही, टाइप केलेली चालते. हे लक्षण मला सगळ्यात आवडतं, कारण ऐकणारा आधी विश्वासच ठेवत नाही.

पहिलं कारण सोपं. कुणीतरी वर्ड प्रोसेसरमधून मजकूर आणून चिकटवला आणि सोबत वळणदार अवतरणचिन्हं किंवा न तुटणाऱ्या स्पेस आल्या. शेलला त्या कळत नाहीत. फाइलमध्ये ती चिन्हं शोधा आणि बदला.

दुसरं कारण फाइलमध्ये सापडतच नाही. स्फिंक्समध्ये 'स्मार्टकोट्स' नावाची सोय मुळातच चालू असते. ती साध्या मजकुरातली सरळ अवतरणचिन्हं वळणदार करते आणि लागोपाठच्या दोन डॅशची एक लांबट रेघ करते. आता वाक्याच्या ओघात कुणी 'अधिक माहितीसाठी डॅश डॅश व्हर्बोस वापरा' असं कोडचं मार्कअप न लावता चिन्हांत लिहिलं, की फाइलमध्ये दोन डॅश असतात आणि पानावर एक रेघ. वाचणारा ती कॉपी करतो आणि प्रोग्रॅम म्हणतो असा पर्यायच नाही. लेखक फाइल उघडून बघतो तर सगळं बरोबर. ही सोय बंद करता येते, पण त्याआधी पर्यायांची आणि कमांडची नावं दुहेरी बॅकटिकमध्ये घाला. तिथे ती मुळीच हात लावत नाही.

७. स्वच्छ बिल्ड, आणि इशाऱ्यांना एरर माना

इथपर्यंत कारण सापडलं नसेल तर आता बिल्डकडे वळा. आधी जुने तयार अवशेष पुसा. स्फिंक्स फक्त बदललेली पानं पुन्हा वाचतं, त्यामुळे न बदललेल्या पानांवरचे इशारे दुसऱ्या वेळी दिसत नाहीत. सगळं पुसून मोठ्या अक्षरातला डॅश डब्ल्यू लावून चालवा, म्हणजे प्रत्येक इशारा एरर ठरतो. पहिल्या इशाऱ्यालाच थांबत असेल तर सोबत 'कीप-गोइंग' द्या. एमकेडॉक्समध्ये हेच काम 'स्ट्रिक्ट' करतं. जुन्या लायब्ररीत पहिल्यांदा हे चालवलं की इशाऱ्यांचा पूर येतो. घाबरू नका, बरेचसे एकाच चुकीची पिलावळ असतात.

एपीआयचं पान रिकामं असेल तर त्या पुरात 'ऑटोडॉक' आणि 'इम्पोर्ट' असे शब्द शोधा. ऑटोडॉक डॉकस्ट्रिंग काढण्यासाठी तुमचं मॉड्यूल खरोखर इम्पोर्ट करतं. बिल्डच्या मशीनवर एखादं अवलंबित पॅकेज नसेल तर इम्पोर्ट फसतो, एक इशारा छापला जातो, आणि पान रिकामं ठेवून बिल्ड 'यशस्वी' होतो. ते पॅकेज तिथे बसवा, किंवा फार अवजड असेल तर ऑटोडॉकच्या मॉक इम्पोर्टच्या यादीत घाला.

सजावट गायब आणि साइट गिटहब पेजेसवर, असं असेल तर कारण जवळपास ठरलेलं. ब्रँचवरून थेट चढवलेली साइट तिथे जेकिल या साइट बनवणाऱ्या साधनातून जाते, आणि जेकिल अंडरस्कोरने सुरू होणारी फोल्डरं सोडून देतं. स्फिंक्स नेमकं सजावटीचं सगळं सामान 'अंडरस्कोर स्टॅटिक' मध्ये ठेवतं. साइटच्या मुळाशी 'डॉट-नोजेकिल' नावाची रिकामी फाइल टाका. रिकामीच. माझ्या आठवणीत इतक्या कमी अक्षरांची दुसरी दुरुस्ती नाही.

आणि कुणी हात न लावता पडलेला बिल्ड? पॅकेजेसच्या आवृत्त्या ठरावीक आकड्याला बांधलेल्या आहेत का ते बघा. मार्च २०२२ मध्ये जिंजाची (स्फिंक्स आतून वापरतं ते पॅकेज) ३.१ आवृत्ती आली, तिच्यातून आधीच बाद ठरवलेली काही नावं काढून टाकली गेली, आणि जुनं स्फिंक्स ती नावं इम्पोर्ट करत होतं. ज्यांनी स्फिंक्सची जुनी आवृत्ती बांधली होती पण जिंजा मोकळं सोडलं होतं, त्यांचे डॉक्स एका रात्रीत पडले. अर्धवट बांधलेलं न बांधलेल्यापेक्षा वाईट ते असं. डॉक्ससाठी लागणाऱ्या पॅकेजेसची वेगळी यादी ठेवा, पोटातल्या पॅकेजेससकट आवृत्त्या लिहा, आणि अधूनमधून मुद्दाम वाढवा. रीड द डॉक्स वापरत असाल तर त्यांची कॉन्फिग फाइल रेपोत आहे ना तेही बघा. २०२३ पासून तिच्याशिवाय तिथे बिल्ड होत नाही, आणि तेव्हापासून झोपलेल्या लायब्रऱ्या जाग्या केल्या की पहिली ठेच इथेच लागते.

८. लिंका, शीर्षकं, हललेली पानं

स्फिंक्सचं 'लिंकचेक' बाहेरच्या लिंका तपासतं. ते प्रत्येक पुल रिक्वेस्टवर लावू नका. कुणा परक्याचा सर्व्हर दहा मिनिटं झोपला म्हणून आपल्या नवख्याची पुल रिक्वेस्ट लाल दिसणं बरं नाही. आठवड्यातून एकदा वेगळं चालवा.

आतल्या लिंकांमध्ये फसवं प्रकरण शीर्षकांचं. शीर्षकावरून पत्त्याचा शेवटचा तुकडा आपोआप बनतो, त्यामुळे शीर्षकातला एक शब्द 'सुधारला' की बाहेरून त्यावर आलेल्या सगळ्या लिंका पानाच्या डोक्यावर जाऊन आदळतात. ४०४ येत नाही, म्हणून कळतही नाही. देवनागरी शीर्षकं असतील तर आणखी गंमत. पायथन-मार्कडाउन मूळ सेटिंगमध्ये रोमन नसलेली अक्षरं गाळून टाकतं आणि उरतं काय, तर अंडरस्कोर एक, अंडरस्कोर दोन. मध्ये एक नवं शीर्षक घातलं की पुढच्या सगळ्यांचे नंबर सरकतात. अनुक्रमणिकेच्या सेटिंगमध्ये युनिकोड चालणारा पर्याय निवडला की हे थांबतं.

पान हलवलंत तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट ठेवा. जुन्या एरर मेसेजमध्ये छापलेला पत्ता तुम्हाला बदलता येणार नाही, तो लोकांच्या मशीनवर बसलाय.

९. उदाहरणं चालतात का?

आता मेहनतीचं काम. डॉक्समधली उदाहरणं यंत्राकडून चालवून घ्या. पायथनमध्ये त्यासाठी डॉकटेस्ट आहे, रस्टमध्ये कार्गो टेस्ट डॉक कॉमेंटमधला कोड आपसूक चालवतं, गो मध्ये एक्झाम्पल फंक्शनांचं आउटपुट पडताळलं जातं. माणसाने वाचून 'बरोबर वाटतंय' म्हणण्याला इथे किंमत नाही. मी स्वतः तीन वेळा वाचलेल्या उदाहरणात इम्पोर्टची ओळच नव्हती.

दोन खाचखळगे. संच छापला की क्रम प्रत्येक वेळी वेगळा येऊ शकतो, तेव्हा उदाहरणात तो लावून छापा. आणि डॉकस्ट्रिंगमध्ये उलटी तिरकी रेघ असेल तर ती रॉ डॉकस्ट्रिंग हवी, नाहीतर 'नवी ओळ' दाखवणारं चिन्ह खरोखरची नवी ओळ होऊन उदाहरण मधोमध तुटतं.

१०. एका गोष्टीची एकच जागा

आता पहिल्या तपासणीतला कागद काढा. प्रत्येक माहितीसाठी एक जागा मुख्य ठरवा आणि बाकीच्या ठिकाणी एकतर लिंक द्या किंवा मजकूर ओढून आणा. स्फिंक्समध्ये 'इन्क्लूड' आहे आणि फाइलमधल्या दोन खुणांच्या मधलाच तुकडा घेता येतो. अख्खी रीडमी ओढू नका. तिच्यातल्या सापेक्ष लिंका रेपोच्या मुळापासून मोजलेल्या असतात, डॉक्सच्या आत आल्या की तुटतात.

किमान आवृत्तीसारखी माहिती तर कुठेच हाताने लिहू नका. ती पॅकेजच्या कॉन्फिगमध्ये असतेच, डॉक्सने तिथून वाचावी. ज्या लायब्ररीत पाच जागी तीन आकडे होते, तिथे आम्ही चार जागा पुसल्या. त्या परिच्छेदाचा इश्यू नंतर आला नाही. चेंजलॉगचा (बदलांच्या यादीचा) मात्र अजून येतो, कारण तिथे सगळेच एका फाइलच्या वरच्या टोकाला ओळ घालतात आणि मर्ज करताना आपसात भिडतात. प्रत्येक बदलासाठी छोटी वेगळी फाइल आणि रिलीझच्या वेळी टाउनक्रायर या साधनाने एकत्र करणं, हा उपाय मी सुचवून ठेवलाय.

हे करताना एक पथ्य पाळाच. फाइल हलवणं एका कमिटमध्ये, मजकूर बदलणं पुढच्या. गिट नाव बदलल्याची नोंद ठेवत नाही, साम्यावरून ओळखतं, आणि मूळ सेटिंगमध्ये निम्मं तरी साम्य लागतं. हलवलं आणि पुन्हा लिहिलं एकाच कमिटमध्ये, की फाइलचा इतिहास तिथे तुटतो. नुसत्या मांडणीच्या मोठ्या कमिटचा क्रमांक 'गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्स' या टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये लिहा, म्हणजे ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीत) प्रत्येक ओळीपुढे तुमचं नाव येणार नाही. गिटहब ही फाइल आपणहून वाचतं, स्वतःच्या मशीनवर गिटला तिचं नाव एकदा सांगावं लागतं. स्क्वॅश करून (सगळे कमिट एकात दाबून) मर्ज होत असेल तर मर्जनंतरचा क्रमांक लिहायचा, आधीचा नाही. मी एकदा आधीचा लिहिला होता.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

लायसन्सच्या फाइलला आवरायला जाऊ नका. ओळी जुळवणं नाही, व्याकरण नाही, साल वाढवणंही नाही. जीपीएलच्या मजकुरात तर सुरुवातीलाच म्हटलंय की हुबेहूब प्रती काढा, वाटा, पण बदल करायला परवानगी नाही. शब्द हलले की गिटहबला लायसन्स ओळखता येईनासं होऊ शकतं, आणि वापरणाऱ्या कंपन्यांची तपासणी अडते. दोन लायसन्स एकमेकांशी विसंगत दिसले, किंवा डॉक्सचा एखादा भाग दुसरीकडून उचललेला वाटला, तर मेंटेनरला कळवा. पुढचा निर्णय त्याचा आणि गरज पडली तर वकिलाचा.

डॉक्स आणि कोड वेगळं सांगत असतील तर डॉक्सच चुकीचे आहेत असं धरू नका. टाइमआउट डॉक्समध्ये तीस सेकंद आणि कोडमध्ये तीन, हे मी एकदा निमूटपणे 'तीन' करून टाकलं होतं. बग कोडमध्ये होता. ज्याने ते मॉड्यूल लिहिलंय त्याला विचारा.

आणि उदाहरणात खरी वाटणारी टोकन (प्रवेशाची गुप्त किल्ली) किंवा पासवर्ड दिसला तर पुल रिक्वेस्ट उघडूच नका, उघड्या इश्यूत तर लिहूच नका. ओळ पुसून कमिट केलं तरी ती इतिहासात राहते आणि तुमचा डिफ लोकांना नेमकी जागा दाखवतो. रेपोत सुरक्षा धोरणाची फाइल असते, तिच्यात दिलेल्या खाजगी मार्गाने मेंटेनरला कळवा. त्याने आधी टोकन रद्द करायची, इतिहास पुसायचा की नाही हे नंतर. 'गिट फिल्टर-रेपो' ने इतिहास नव्याने लिहिला की तिथून पुढच्या सगळ्या कमिटचे क्रमांक बदलतात, लोकांचे क्लोन आणि फोर्क जुन्याच इतिहासावर राहतात, म्हणून ते काम रेपोचा पूर्ण ताबा असलेल्या माणसानेच, सगळ्यांना आधी सांगून करायचं.